भाव आधी कोणाला कळला? गिरणगावच्या भोंग्यापासून मल्टिकास्टपर्यंत

१/ राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे मुंबईच्या एनएसईत, २०१० ते २०१४ या काळात भावाची बातमी काही दलालांना इतरांहून क्षणाच्या अल्पांशाने आधी मिळत होती काय? या एका प्रश्नावर पुढे जवळपास दहा वर्षे चौकशा, आदेश आणि अपिले चालली. वादाच्या मुळाशी एक साधा वाटणारा तांत्रिक निर्णय होता: एकच माहिती अनेकांना द्यायची, तर ती एकामागून एक द्यावी की एकदाच?

२/ ‘एकदाच’ देण्याच्या पद्धतीला संगणकजाळ्यांच्या परिभाषेत मल्टिकास्ट म्हणतात. तिची घडण १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात झाली. परंतु ती ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, तो प्रश्न मुंबईला त्याआधी शंभराहून अधिक वर्षे छळत होता. आजच्या थ्रेडमध्ये हिंदमाता, परळ, लालबाग आणि वरळीच्या परिसरातून त्या प्रश्नाचा माग काढू. थ्रेड दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

३/ आरंभ कापसापासून. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. लिव्हरपूलचा भाव तेव्हा जहाजाने येई. प्रेमचंद रायचंद यांच्याविषयी अशी आख्यायिका आहे, की जहाज धक्क्याला लागण्याआधीच त्यांच्या होड्या भर समुद्रात जाऊन भाव विचारून येत. आख्यायिका खरी असो वा रचलेली, तिच्यातले अर्थशास्त्र अचूक आहे. भाव संध्याकाळपर्यंत साऱ्यांना कळणारच होता. पैसा होता तो दोन तास आधी कळण्यात.

४/ पुढे तार आली. १८६५ मध्ये इराणच्या आखातामार्गे हिंदुस्थान युरोपशी जोडला गेला आणि १८७० मध्ये सुएझ-एडनमार्गे आलेल्या समुद्री तारेने मुंबई थेट ब्रिटनशी जोडली गेली. आठवड्यांचे अंतर तासांवर आले. मात्र तारेने अंतर मिटवले तरी क्रम मिटवला नाही. तार एका पत्त्यावरून एका पत्त्यावर जाते. शंभर पेढ्यांना एकच भाव कळवायचा, तर शंभर वेळा खटखटाट करावा लागतो आणि शंभरावी पेढी शंभराव्या क्रमांकावरच राहते.

५/ या पद्धतीला आज युनिकास्ट म्हणतात: एक पाठवणारा, एक घेणारा, प्रत्येकासाठी स्वतंत्र प्रत. खासगी पत्रासाठी ती उत्तम. पण मजकूर एकच आणि घेणारे हजार असले, की तिचे दोन दोष उघडे पडतात. पाठवणाऱ्यावरचा भार हजारपट होतो. आणि रांग निर्माण होते. रांग आली, की रांगेत पुढचा कोण हा प्रश्न आपोआप येतो.

६/ दुसरी पद्धत गिरणगावाने रोज कानांनी अनुभवली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढील काही दशकांत गिरण्या परळ, लालबाग, वरळी, नायगाव, दादर अशा पसरत गेल्या. आजच्या हिंदमाताच्या आसपासही गोल्ड मोहर, स्प्रिंग अशा गिरण्यांची धुराडी उभी होती. आणि प्रत्येक गिरणीला भोंगा होता.

७/ भोंगा कोणा एकाला उद्देशून नसे. त्याला पत्ता नाही, रांग नाही, क्रम नाही. पाळीवर जाणाऱ्याला त्याने जागे केले आणि रात्रपाळी संपवून नुकत्याच आडव्या झालेल्या शेजाऱ्यालाही. शाळकरी मूल, दाणेवाला, बाळंतीण, सर्वांच्या कानांवर तो सारखाच आदळे. याला ब्रॉडकास्ट म्हणतात. बातमी एकदाच द्यावी लागते, हा तिचा गुण. ज्यांचा संबंध नाही त्यांनाही ती सोसावी लागते, हा तिचा दोष.

८/ संगणकाच्या जाळ्यात हा दोष फार महाग पडतो. अनावश्यक संदेशही प्रत्येक यंत्राला उचलून पाहावा लागतो आणि मग टाकून द्यावा लागतो. दहा यंत्रांत हे चालून जाते. जगभरच्या यंत्रांनी एकमेकांचे भोंगे ऐकायचे ठरवले, तर ऐकण्यातच त्यांचा दिवस संपेल. म्हणून ब्रॉडकास्ट एका छोट्या स्थानिक जाळ्याच्या वेशीवर थांबवतात. वेशीवरचा राउटर तो पुढे जाऊ देत नाही.

९/ मग तिसरी वाट कोणती? ज्यांना हवे त्या सर्वांना, आणि फक्त त्यांनाच. पाठवणाऱ्याने मात्र एकदाच बोलायचे. यंत्रांनी ही वाट शोधण्याआधी माणसांनी ती चोखाळली होती. त्याचे एक उदाहरण परळ-लालबागच्याच इतिहासात आहे.

१०/ एप्रिल १९२८. मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार जवळपास सहा महिने संपावर होते. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. अर्जुन आळवे, श्रीपाद अमृत डांगे, शां. स. मिरजकर, के. एन. जोगळेकर ही नावे त्या लढ्याशी जोडलेली आहेत. दीड लाख माणसे, डझनावारी गिरण्या आणि हाताशी ना नभोवाणी, ना घरोघरी दूरध्वनी. निर्णय सर्वांपर्यंत पोहोचवायचा कसा?

११/ युनियनचे उत्तर होते गिरणी समित्या. मध्यवर्ती निर्णय एकदा व्हायचा. गिरणीगणिक समिती तो उचलायची आणि समितीचे लोक खात्याखात्यांत, चाळीचाळींत त्याच्या ‘प्रती’ करायचे. ज्या गिरणीत समिती, त्या दिशेने निरोप जाई. नेत्यांना प्रत्येक कामगाराचे नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती. कामगाराला आपल्या समितीचा माणूस ठाऊक असला, की पुरे.

१२/ मल्टिकास्टचा गाभा याहून वेगळा नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक: घेणारा स्वतःहून गटात सामील होतो. दोन: पाठवणाऱ्याला सभासदांची यादी ठाऊक नसते, फक्त गटाचे नाव ठाऊक असते. तीन: प्रती उगमापाशी निघत नाहीत, वाटा जिथे फुटतात तिथेच, त्या फाट्यावर निघतात. तांत्रिक तपशील याच तिघांभोवती फिरतो.

१३/ यंत्रांकडे वळण्याआधी गिरणगावचे आणखी एक जाळे, काहीसे बदनाम. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव मुंबईच्या कापूस बाजाराकडे तारेने येत. त्या भावांतील आकड्यांवर पैजा लागत, हाच ‘आकडा’. १९६१ मध्ये न्यूयॉर्ककडून ही आकडेवारी बंद झाली. जुगार मात्र बंद झाला नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, तर १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला. गिऱ्हाईक बहुतांशी गिरणी कामगार.

१४/ नैतिक मूल्यमापन बाजूला ठेवून या जाळ्याची रचना पाहावी. आकडा एका जागी काढला जाई. तेथून दूरध्वनीने मोठ्या बुकींकडे, त्यांच्याकडून लहान बुकींकडे, तेथून नाक्यावरच्या पंटरांकडे. प्रत्येक फाट्यावर नवी प्रत. ज्यांनी पैसे लावले नव्हते त्यांना आकड्याशी कर्तव्य नव्हते. ज्यांनी लावले होते, ते नाक्यावर थांबलेले असत.

१५/ आणि इथेही काळजी तीच. आकडा फुटल्यानंतरही एखाद्या नाक्यावर पैजा घेतल्या जात असतील आणि तिथल्या एखाद्याला आकडा आधीच कळला असेल, तर तो जुगार उरत नाही, ती लूट होते. म्हणून आकडा निघण्याआधी सर्वत्र पैजा बंद कराव्या लागत. जहाजापर्यंत होडी पाठवणारा सावकार आणि आकडा आधी हेरू पाहणारा पंटर यांच्यात रकमेचा फरक असेल, युक्ती एकच.

१६/ आता स्टॅनफर्ड विद्यापीठ, १९८० चे दशक. स्टीव्ह डीअरिंग हा पदवीधर विद्यार्थी डेव्हिड चेरिटन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करत होता. त्यांच्या प्रयोगशाळेतील ‘व्ही’ ही प्रणाली अनेक संगणकांना मिळून एकाच संगणकासारखे काम करायला लावी. त्यासाठी संगणकांच्या गटाला एकच निरोप धाडण्याची सोय लागे. एका स्थानिक जाळ्यात ती होती. जाळे राउटर ओलांडून दुसऱ्या जाळ्यात गेले, की निरोप वेशीवरच अडे.

१७/ डीअरिंग यांनी ही सोय संपूर्ण इंटरनेटला देण्याचा घाट घातला. १९८५ मध्ये त्यांनी आणि चेरिटन यांनी ‘यजमान गट’ ही कल्पना मांडली. ऑगस्ट १९८९ मध्ये इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजांच्या मालिकेत क्रमांक १११२ प्रसिद्ध झाला. मल्टिकास्टची मूळ घटना तीच. १९९१ मध्ये त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. एका विद्यार्थ्याची प्रयोगशाळेतील अडचण अशा रीतीने जगाचे प्रमाण बनली.

१८/ रचना अशी. इंटरनेटवरील पत्ते सर्वसाधारणपणे एकेका यंत्राचे असतात. जुन्या, चार आकड्यांच्या पत्त्यांपैकी २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हा पट्टा मात्र गटांसाठी राखून ठेवला आहे. त्यात सुमारे २६ कोटी ८४ लाख पत्ते बसतात. यांपैकी कोणताही पत्ता एखाद्या यंत्राचा नसतो. तो एका विषयाचा पत्ता असतो. रेडिओ केंद्राची कंपनसंख्या जशी कोणाच्या घराची नसते, तसेच हे.

१९/ सामील होणे. एखाद्या यंत्राला गटातील मजकूर हवा असला, की ते आपल्या जवळच्या राउटरला कळवते: ‘या गटात मलाही घ्या.’ ही भाषा ठरवून देणाऱ्या नियमावलीला आयजीएमपी म्हणतात. राउटर अधूनमधून, प्रचलित मांडणीत साधारण दर दोन मिनिटांनी, विचारतो: ‘या गटाचे कोणी आहे का अजून?’ गल्लीतून एकाचे उत्तर आले तरी त्याला पुरते. कितीजण आहेत हे त्याला मोजावे लागत नाही. कोणी आहे की नाही, एवढेच कळावे लागते.

२०/ झाड. राउटर आपल्या वरच्या राउटरला कळवतो, तो त्याच्या वरच्याला, आणि असे करत साखळी उगमापर्यंत किंवा आधीच जोडल्या गेलेल्या फांदीपर्यंत पोहोचते. यातून एक वृक्ष तयार होतो: मूळ पाठवणाऱ्यापाशी, पाने घेणाऱ्यांपाशी. पॅकेट, म्हणजे मजकुराची पुडी, खोडातून एकदाच जाते. जिथे दोन फांद्या फुटतात तिथे दोन प्रती, तीन फुटल्या तर तीन. एका फांदीवर हजार सभासद असले, तरी त्या फांदीच्या बुंध्यातून प्रत एकच जाते.

२१/ आरंभीच्या एका पद्धतीत मजकूर आधी सगळीकडे सोडून देत. ज्या राउटरकडे सभासद नसे, तो वरच्याला कळवी: ‘इकडे नको.’ मग ती फांदी छाटली जाई. या पद्धतीचे नावच ‘पूर आणि छाटणी’. पाणी सर्वत्र कसे शिरते, हे हिंदमाताकरांना वेगळे समजावून सांगायला नको. छाटणी मात्र तिथे अजून अवघड जाते. नंतरच्या पद्धतींनी उलटा क्रम लावला: मागणी आल्याखेरीज फांदीच फुटू द्यायची नाही.

२२/ एक धोका राहतो. वाटा वर्तुळाकार असल्या, तर प्रतीच्या प्रती होत मजकूर गरगरत राहील. त्यावरचा उपाय मोठा शहाणपणाचा आहे. राउटर प्रत्येक पॅकेटला विचारतो: तू आलास कोणत्या दाराने? उगमाकडे जाण्यासाठी मी स्वतः जे दार वापरले असते, त्याच दाराने आला असशील तर आत ये. दुसऱ्या दाराने आला असशील तर तू भरकटलेली प्रत आहेस. अशा प्रती तो टाकून देतो.

२३/ मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथील इंटरनेट अभियंत्यांच्या बैठकीचा आवाज तीन खंडांतील २० ठिकाणी एकाच वेळी ऐकवण्यात आला. बहुतेक राउटरांना मल्टिकास्ट समजत नसल्याने, गटाचे पॅकेट साध्या पॅकेटच्या पोटात घालून त्यांच्यामधून पार नेत. अशा बोगद्यांनी जोडलेल्या बेटांच्या या जाळ्याला ‘एमबोन’ म्हणत.

२४/ १८ नोव्हेंबर १९९४ रोजी अमेरिकेतील डॅलस येथील ‘कॉटन बाउल’ मैदानातून रोलिंग स्टोन्स या प्रख्यात वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाचा काही भाग एमबोनवरून प्रसारित झाला. त्याआधी त्याच गटात ‘सिव्हियर टायर डॅमेज’ नावाचा, संगणक-अभियंत्यांचा एक हौशी वृंद अनाहूतपणे प्रकट झाला आणि वाजवून मोकळा झाला. त्याला रोखणारे कोणी नव्हते, कारण मूळ रचनेत गटाचा पत्ता ठाऊक असलेला कोणीही त्या गटाला पाठवू शकत असे.

२५/ सार्वजनिक इंटरनेटवर मल्टिकास्ट का रुजला नाही, याची काही कारणे याच प्रसंगात दडली आहेत. कोण पाठवतो यावर ताबा नाही. प्रत एक गेली आणि पोहोचली लाखांना, तर आकारणी कोणाकडून आणि किती करायची? शिवाय वाटेतल्या प्रत्येक राउटरला प्रत्येक गटाची आठवण ठेवावी लागते. एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या कंपन्यांना हा भार परस्परांसाठी उचलायचा नव्हता. म्हणून आजही क्रिकेटचा सामना तुम्ही मोबाइलवर पाहता, तेव्हा सर्वसाधारणपणे तुमच्यासाठी स्वतंत्र प्रत येते. फक्त ती पाठवणारा सर्व्हर तुमच्या जवळ आणून ठेवलेला असतो.

२६/ मल्टिकास्ट टिकला तो चार भिंतींच्या आत, जिथे संपूर्ण जाळे एकाच मालकाच्या ताब्यात असते: दूरचित्रवाणी पुरवणाऱ्या कंपन्यांची जाळी, आणि शेअर बाजार. म्हणून आता पुन्हा मुंबईत यायचे.

२७/ १८७५ मध्ये ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ या नावाने स्थापन झालेल्या मुंबई शेअर बाजारात १९९५ पर्यंत रिंगणात ओरडून व्यवहार होत. रिंगणातला आवाज हेही एक ब्रॉडकास्टच. फक्त त्याची हद्द भिंतीपर्यंत. आत उभ्या असलेल्याला भाव त्या क्षणी कळे. कोल्हापूर, नागपूरच्या गुंतवणूकदाराला दूरध्वनीने किंवा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून.

२८/ ३ नोव्हेंबर १९९४ रोजी, म्हणजे कॉटन बाउलच्या त्या कार्यक्रमाआधी अवघे पंधरा दिवस, एनएसईने शेअरांचे संगणकीकृत व्यवहार सुरू केले. कार्यालय होते वरळीत, जुन्या गिरणगावाच्या अंगणातच. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी शांत होत होती, आणि त्याच परिसरात मुंबईचा नवा धंदा आकार घेत होता: आकड्यांचा, पण कायदेशीर. मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही ‘बोल्ट’ ही संगणकीय प्रणाली आणली.

२९/ एनएसईने देशभरचे दलाल जोडले ते उपग्रहाने. छतावर छोटी तबकडी, अंतराळात सुमारे ३६,००० किलोमीटरवर उपग्रह. वर जाऊन खाली यायला संदेशाला जवळपास पाव सेकंद लागे. आजच्या मानाने हा फार संथ काळ. पण उपग्रहाचा संदेश आकाशातून एकदाच उतरतो आणि सर्व तबकड्यांवर जवळजवळ एकाच वेळी पडतो. पाव सेकंदाचा उशीर होता, पण तो मुंबईच्या दलालाला आणि कोल्हापूरच्या दलालाला सारखाच होता.

३०/ मग वेगाची स्पर्धा आली. २००९-१० मध्ये एनएसईने को-लोकेशनची सोय दिली: दलालाने भाडे भरून आपला सर्व्हर बाजाराच्याच आवारात, त्याच्या मुख्य यंत्राच्या शेजारी ठेवायचा. तेथे ‘टिक-बाय-टिक’ माहिती मिळे, म्हणजे आलेली, बदललेली, रद्द झालेली प्रत्येक ऑर्डर आणि झालेला प्रत्येक व्यवहार. ही माहिती देण्यासाठी टीसीपी ही पद्धत वापरण्यात आली. टीसीपी म्हणजे काटेकोर युनिकास्ट: प्रत्येकाशी स्वतंत्र जोडणी, प्रत्येकाला स्वतंत्र प्रत, पोहोच मिळाल्याची खात्री.

३१/ परिणाम काय, हे पाचव्या पोस्टमध्येच आले आहे: रांग. एका पोर्टवर जो दलाल आधी जोडला गेला, त्याला पॅकेट आधी. जो मागून, त्याला मागून. समजण्यासाठी एक हिशेब करू. एका प्रतीला १० मायक्रोसेकंद लागतात असे धरले, तर शंभराव्या दलालाला पहिल्यापेक्षा सुमारे १ मिलिसेकंद उशिरा भाव कळेल. माणसाला त्यात काहीच जाणवणार नाही. यंत्रे यंत्रांशी खरेदीविक्री करत असताना एवढ्या वेळात ऑर्डर जाऊन लागलेलीही असते.

३२/ अशा रचनेत सकाळी सर्वांत आधी लॉग-इन करण्याला किंमत येते, कमी गर्दीचा सर्व्हर कोणता हे ठाऊक असण्याला किंमत येते. रांगेचा क्रम दरवेळी यादृच्छिकपणे बदलणारी किंवा सर्व्हरांवरील भार समान वाटणारी व्यवस्था नसल्यावर सेबीने बोट ठेवले. २०१५ मध्ये एका जागल्याच्या पत्राने हे प्रकरण उघडकीस आले.

३३/ ३० एप्रिल २०१९ रोजी सेबीने एनएसईला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने ही वसुली रद्द केली. पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल मात्र १०० कोटी रुपये भरण्यास सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने संगनमताचा आरोप पुरेशा पुराव्याअभावी निकाली काढला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे तिन्ही टप्पे एकत्र वाचावेत. एकच टप्पा उचलला, तर गोष्ट एकतर्फी होते.

३४/ मला यात अधिक बोलके वाटते ते निराळेच. संगनमत सिद्ध होवो वा न होवो, विषमता रचनेतच होती. ती निर्माण करण्यासाठी कोणी वाईट हेतू बाळगण्याची आवश्यकता नव्हती; ‘प्रत्येकाला स्वतंत्र प्रत, एकामागून एक’ एवढा निर्णय पुरेसा होता. आणि उपायही रचनेतच सापडला. २०१४ मध्ये एनएसईने टिक-बाय-टिक माहितीसाठी मल्टिकास्ट स्वीकारला. बाजाराचा सर्व्हर एकदाच बोलतो. प्रती फाट्यावरचे स्विच काढतात, तेही जवळजवळ एकाच क्षणी. लॉग-इनचा क्रम निरर्थक ठरतो.

३५/ या समतेची किंमतही मोजावी लागते. मल्टिकास्टमध्ये पोहोचपावती नसते. वाटेत प्रत हरवली, तर पाठवणाऱ्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक पॅकेटवर अनुक्रमांक घालतात. ४१ नंतर थेट ४३ आला, की घेणाऱ्याने ओळखावे, ४२ गळाला, आणि तो वेगळ्या मार्गाने मागून घ्यावा. अनेक बाजार तोच मजकूर दोन स्वतंत्र वाटांनी पाठवतात. एकीकडचे गळलेले दुसरीकडून मिळते. टीसीपी खात्री देते आणि रांग लावते. मल्टिकास्ट रांग मोडतो आणि खात्रीची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकतो.

३६/ रांग मोडली तरी प्रश्न संपत नाही. स्विचपासून सर्व्हरपर्यंतची तार एकाची दहा मीटर आणि दुसऱ्याची पन्नास मीटर असली, तर पुन्हा फरक पडतो. म्हणून अनेक बाजारांत सर्वांच्या तारांची लांबी समान ठेवतात, जवळच्याची जास्तीची तार गुंडाळून. प्रेमचंदांच्या होडीचे अंतर मैलांत होते, आता ते मीटरांत आले.

३७/ आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे. मल्टिकास्ट गटाच्या आत समता आणतो. गटात कोण असावे, हे तो ठरवत नाही. १९२८ च्या समितीचे दार गिरणीतल्या प्रत्येक कामगाराला उघडे होते. को-लोकेशनच्या गटात शिरायला भाडे भरावे लागते. एप्रिल २०१८ मध्ये सेबीने टिक-बाय-टिक माहिती सर्व दलालांना विनाशुल्क देण्यास आणि लहान दलालांना ती जागा सामायिकपणे परवडेल अशी सोय करण्यास बाजारांना सांगितले. दार रुंदावले. तरीही लालबागच्या चाळीत मोबाइलवर भाव पाहणाऱ्याकडे तो पुष्कळ उशिरा, दलालाच्या सर्व्हरवरून, युनिकास्टनेच येतो.

३८/ म्हणून इतिहास वाचताना बातमी काय होती एवढ्यावर थांबू नये; ती कोणत्या वाटेने आली, प्रती कोणी काढल्या, कुठे काढल्या आणि कोणाच्या आधी कोणाला मिळाल्या, हेही विचारावे. होडी, तार, भोंगा, समिती, आकडा, उपग्रह आणि स्विच ही त्या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत. प्रत्येक उत्तरात कोणाचा तरी फायदा गृहीत धरलेला असतो, आणि तो बहुधा रचनेत असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही.

३९/ थ्रेड इथे पूर्ण होतो. आपल्या घरात किंवा शेजारी गिरणीत काम केलेले कोणी वडीलधारे असतील, तर त्यांना अवश्य विचारा: संपाच्या दिवसांत निरोप तुमच्यापर्यंत कोण आणत असे, आणि तुम्ही तो पुढे कोणाला देत होता? उत्तर मिळाले तर खाली लिहा. त्या फांद्या अजून कोणी नीट नोंदवलेल्या नाहीत, आणि ज्यांना त्या आठवतात ती माणसे आता थोडी उरली आहेत.